साक्ष देताना मागच्या बाकाकडेही बघ

अगं, साक्ष द्यायला माझी ना नाही. नवं घर झालं, उपकारस्तुतीची प्रार्थना झाली, आता रविवारी उपासनेत उभं राहून दोन शब्द बोलावेत असं तुला वाटलं आणि पाळकसाहेबांनीही हो म्हटलं. चांगलंच आहे. पण तू लिहून ठेवलेलं फोनवर वाचून दाखवलंस ना, त्यातलं एक वाक्य माझ्या घशाखाली उतरेना. तुझ्याकडे पाहुण्यांचा गलका चालला होता, म्हणून तेव्हा गप्प बसले. आता निवांत सांगते. थोरली आहे, टोचलं तर टोचू दे.

आम्ही दशमांश कधी चुकवला नाही, त्याचंच फळ म्हणून देवानं हे घर दिलं, असं तू लिहिलंयस.

तुझ्या मनात कृतज्ञताच आहे, मला ठाऊक आहे. पण तू पुढं उभी राहून हे बोलशील, तेव्हा मागच्या बाकावर कोण बसलेलं असतं ते आठव. नवऱ्याच्या मागं मिळणाऱ्या तुटपुंज्या पेन्शनीवर दिवस काढणारी एखादी म्हातारी असते. मुलाची नोकरी गेलेली, सून माहेरी. दानाचं पाकीट ती दर महिन्याला न चुकता आणते, कधी कधी त्यात नाणीच असतात, आवाज येतो. तुझी साक्ष ऐकून ती काय घेऊन घरी जाईल? पाकीट तर आपणही भरलं. मग आपलंच काहीतरी चुकलं, देव आपल्यावर रागावलाय, नाहीतर आपला विश्वास कमी पडला. तू तसं म्हटलेलं नसशील, पण तिला ऐकू तेच जाईल.

आणि तिचं सोड, तुझंच बघ. हे वाक्य चारदा बोललीस की तेच खरं वाटायला लागतं. आपल्याला मिळालं, म्हणजे आपण बरोबर आहोत, असं. पैशानं माणूस बिघडतो म्हणतात, तो काही रोज बिर्याणी खाऊन बिघडत नाही गं. बँकेचं पासबुक तो आपल्या नीतिमत्त्वाचा दाखला म्हणून वाचायला लागतो, तिथून सुरुवात होते.

दशमांशाचा विषय निघाला की आपल्याकडे मलाखीच्या तिसऱ्या अध्यायातलं दहावं वचन हमखास निघतं, आशीर्वादाच्या वर्षावाचं. शब्बाथ शाळेत पाठ केलेलं, झोपेतून उठवून विचारलं तरी येतं. त्याच अध्यायातलं पाचवं कुणाला पाठ आहे सांग बरं. तिथं देव स्वतःच साक्षीदार होऊन न्यायाला उभा राहतो. कुणाविरुद्ध? जादूटोणा करणारे, व्यभिचारी, खोटी शपथ घेणारे, आणि त्यांच्याच पंगतीला बसवलेले मजुराची मजुरी मारणारे, विधवा आणि पोरक्यांना गांजणारे, परक्याचा हक्क डावलणारे. दहाव्या वचनाकडे जाणारी वाट पाचव्यावरून जाते. आपण मात्र आडवाटेनं थेट दहाव्यावर पोचतो.

अजून एक. अनुवादाच्या चौदाव्या अध्यायात दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश गावातच ठेवायला सांगितलाय, लेवी, परदेशी, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर जेवावं म्हणून. म्हणजे त्या हिशेबानं मागच्या बाकावरची बाई दशमांश घेणारी होती. तिचं पाकीट आपण घेतो आणि वर तिला आपल्या घराची गोष्ट ऐकवतो. मी म्हणत नाही तिनं देऊ नये. तिचा आनंद तिच्यापाशी. पण आपल्याला हे निदान माहीत तरी असावं.

लूकच्या अठराव्या अध्यायातला परूशी आठवतो का? लहानपणी नाटुकलीत त्याला आपण दाढीमिशा लावून खलनायक करायचो. नीट वाच, तो खलनायक नाही. आठवड्यातून दोनदा उपास करतो, सगळ्या मिळकतीचा दहावा हिस्सा देतो. खोटं बोलत नाही. आणि त्याच्या प्रार्थनेची सुरुवात उपकार मानण्यानं आहे! म्हणजे तो साक्षच देतोय. फक्त उपकार मानता मानता त्याची नजर दूर उभ्या असलेल्या जकातदाराकडे जाते, आणि मी त्याच्यासारखा नाही याबद्दलही तो देवाचे आभार मानतो. येशू म्हणतो, नीतिमान ठरून घरी गेला तो जकातदार. मला ही गोष्ट दरवेळी जरा घाबरवते. कारण आभार मानणाऱ्या तोंडातून गर्व कसा निघतो, ते बोलणाऱ्याला कळतच नाही.

तुला खरी साक्ष वाचायची असेल तर पंडिता रमाबाईंची वाच. १९०७ साली केडगावच्या मुक्ती मिशनमधून त्यांनी ती इंग्रजीत छापली, आणि नावात चक्क न संपणाऱ्या धनाचा उल्लेख केला. आजच्या एखाद्या वक्त्यानं ते नाव ऐकलं तर त्याला वाटेल, आता गाडी-बंगल्याची गोष्ट येणार. आत आहे काय? उपासमार. १८७४ च्या सुमाराचा दुष्काळ, रानोमाळ पायपीट, त्यात वडील अनंतशास्त्री गेले, मग आई, मग थोरली बहीण. पुढं १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये नवरा. पदरात तान्ही मुलगी. आणि १८८३ साली बाप्तिस्मा घेतल्यावर दुःखं थांबली असंही नाही. आपल्यामागं मुक्तीचा कारभार सांभाळेल अशी आशा जिच्यावर, ती एकुलती एक मनोरमा १९२१ साली आईच्या आधीच गेली. पुढच्या वर्षी रमाबाईही गेल्या.

आता तुझ्या वाक्याची फूटपट्टी ह्या बाईला लाव. काय निघेल? म्हणजे फूटपट्टीच चुकली. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य भारतात जाऊन उपाशी विधवांना आणि पोरींना केडगावला घेऊन आल्या. शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना, सगळं त्यांना शिकवून त्यांच्याकडून करवून घेतलं. तुमचा विश्वास किती, तुमच्या घरी कुणाचं पाप होतं म्हणून दुष्काळ पडला, असं विचारत बसल्या असत्या तर गाडी कधीच निघून गेली असती. ईयोबाचे मित्र मात्र अगदी तेच विचारत बसले होते. आणि पुस्तकाच्या शेवटी देवाचा राग त्या मित्रांवरच आहे, ईयोबावर नाही.

तू ज्या सभांना हल्ली जातेस, तिथं हजार रुपयांचं बी पेरा, लाखाचं पीक घ्या असं सांगतात, ते काही आपल्या आजी-आजोबांच्या मंडळीतलं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत फोफावलेली ती शिकवण. ओरल रॉबर्ट्स यांनी ही पेरणीची भाषा टीव्हीवरून घरोघर पोचवली. गरीब देशांत ती वणव्यासारखी पसरली. आफ्रिकेतल्या ख्रिस्ती अभ्यासकांनीच मग २००८ आणि २००९ साली घानामधल्या अक्रोपाँगला बसून तिचा विचार केला, आणि स्पष्ट सांगितलं की देव आशीर्वाद देतो हे खरं, पण माणसाचं आत्मिक बरंवाईट त्याच्या मालमत्तेवरून मोजता येत नाही. हे श्रीमंत देशातल्या पोटभरल्या पंडितांनी सांगितलेलं नाही, आजूबाजूला गरिबी पाहणाऱ्यांनी सांगितलंय, म्हणून मला त्याचं वजन जास्त वाटतं.

तू म्हणशील, ताई, मग घर घेतलं हेच चुकलं का? वेडी आहेस. योहान्ना, हेरोदाच्या कारभाऱ्याची, खुजाची बायको, आणि सुसान्ना, आणि आणखी कितीतरी बायका आपल्या पैशातून येशूचा आणि शिष्यांचा खर्च चालवत होत्या. लूकच्या आठव्या अध्यायात नावं आहेत. बारा पुरुषांच्या जेवणाखाण्याचं कोण बघत होतं हा प्रश्न कुठल्याच प्रवचनात येत नाही, पण लूकनं लिहून ठेवलंय. लुदिया जांभळ्या कापडाचा व्यापार करायची, त्या काळी ते महागडं कापड. तिच्या घरात पौल उतरला. आणि येशूला ज्या कबरेत ठेवलं, ती अरिमथाईच्या श्रीमंत योसेफाची. पैसा असणं हा गुन्हा असता तर ह्या सगळ्यांना नव्या करारात जागा मिळाली नसती. तीमथ्याच्या पत्रातही सगळ्या वाइटाचं मूळ म्हणून पैशाच्या लोभाकडे बोट आहे, पैशाकडे नाही. लोक घाईत नेहमी उलटं सांगतात.

पण म्हणून सुटलो असंही नाही हं. उंट आणि सुईचं नेढं आठव. त्यावर एक सोयीस्कर गोष्ट सांगतात. जेरुसलेमच्या तटाला त्या नावाचा एक बुटका दरवाजा होता म्हणे, उंटानं पाठीवरचं ओझं उतरवलं आणि गुडघे टेकले की तो कसाबसा आत जायचा. येशूच्या काळात असा दरवाजा असल्याचा काहीही पुरावा नाही. श्रीमंतांच्या जिवाला बरं वाटावं म्हणून मध्ययुगात चिकटवलेली सारवासारव आहे ती. त्या प्रसंगात शिष्य हादरतात ते बघ. मग तारण होणार तरी कुणाचं, असं विचारतात. का हादरले? कारण त्यांचाही समज तुझ्यासारखाच होता, की श्रीमंत म्हणजे देवाचा लाडका. तोच आत जाणार नसेल तर आपल्यासारख्यांचं काय? येशूनं त्यांचा तो समज तिथल्या तिथं मोडला. माणसाच्या हातून हे होण्यासारखं नाही, देवाच्या हातून होईल, असं सांगितलं. गुडघे टेकायची युक्ती नाही सांगितली.

ज्याच्यावरून ही उंटाची गोष्ट निघाली, त्या श्रीमंत तरुणाला येशूनं सगळं विकायला सांगितलं. आणि लूकमध्ये लगेच पुढच्या अध्यायात जक्कय भेटतो. तोही श्रीमंत, आणि तोही कसा श्रीमंत झाला ते साऱ्या यरीहोला माहीत. तो अर्धी मालमत्ता गरिबांना देतो म्हणाला, आणि ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट. येशूनं त्याला, उरलेली अर्धी कुठंय रे, असं विचारलं नाही. म्हणजे सगळ्यांना एकच माप लावलेलं नाही. मला जक्कय आवडतो तो त्या चौपटीमुळे. दान देणं त्या मानानं सोपं असतं, कौतुक होतं. ज्याचं त्याला परत करायला आधी कबूल करावं लागतं की ते आपलं नव्हतं. घराच्या व्यवहारात किती रक्कम कागदावर होती आणि किती नव्हती, हे मी तुला विचारणार नाही. पण देवानं दिलं असं मंडळीसमोर म्हणण्याआधी तुम्ही नवरा-बायको दार लावून एकदा एकमेकांना विचारा.

आता मनाचं. धन जिथं, मन तिथं, ही येशूची शिकवण तुला तोंडपाठ आहे. क्रम कधी लक्षात घेतलास? आपण समजतो, आधी मन वळतं आणि मग पैसा जातो. त्यानं उलट सांगितलं. पैसा पुढं जातो, मन त्याच्या मागून. हे मी पुरेपूर पाहिलंय. वसतिगृहातल्या एका पोरीची फी मी भरायला लागले, तेव्हा मला त्या पोरीबद्दल विशेष काहीच वाटत नव्हतं, खरं सांगते. पहिल्या सहामाहीनंतर मात्र तिचा गणिताचा पेपर कसा गेला हे मला चैन पडू देईना. शेअर घेणारा माणूस सकाळी उठून आधी बाजारभाव बघतो, तसंच. म्हणून मन शुद्ध होईपर्यंत थांबू नकोस. यिर्मयानं तर मनाला सगळ्यात कपटी म्हटलंय, त्याची वाट बघत बसलीस तर जन्म जाईल. जिथं मन असावं असं तुला वाटतं, तिथं पैसा पाठव. मन येईल धापा टाकत.

किती पाठवायचा, ते जॉन वेस्लीचं ऐक. तेच ते, मेथडिस्टांचे. ऑक्सफर्डमधल्या एका तरुणाचं म्हणून त्यांनी प्रवचनात सांगितलं, पण तो तरुण म्हणजे ते स्वतःच असं मानतात. वर्षाची मिळकत ३० पौंड, २८ मध्ये भागवलं, २ दिले. पुढच्या वर्षी ६० मिळाले. राहणी तीच, २८ ची. ३२ दिले. मग ९०, त्यातले ६२ दिले. मग १२०, त्यातले ९२. दहावा हिस्सा वगैरे भानगडच नाही. खर्चाची रेघ एकदा ओढली आणि मिळकत वाढली तरी ती हलवली नाही. आता मुलांच्या शाळा, दवाखाने आणि घराचे हप्ते असताना तुला हे जमेल असं मी म्हणत नाही, मलाही जमत नाही. पण पगार वाढला की आपली रेघ कोण हलवतं, कधी हलवतं, हे निदान बघत जा. ती रात्रीतून हलते, आणि सकाळी वाटतं की ती तिथंच होती. वेस्लींना म्हातारपणी ह्याचीच चिंता लागली होती. आपली माणसं देवभीरू झाली म्हणून कष्टाळू आणि काटकसरी झाली, त्यानं पैसा साठला, आणि पैसा साठला तसा देव मागं पडला, असं १७८९ च्या सुमारास ते कळकळीनं लिहीत होते.

देण्याबद्दल एकच सांगते. आपल्याकडे हंगामाच्या सणाला लिलाव होतो ना, मला तो फार आवडतो. भोपळ्याला हजार रुपये मिळतात, हशा पिकतो, मंडळीची तिजोरी भरते. पण उजव्या हातानं दिलेलं डाव्याला कळू नये ही शिकवण ज्या घरात दिली जाते, तिथं बोली लावताना सगळा हॉल मान वळवून बघत असतो. असू दे, सण आहे. तू एक कर. लिलावात जेवढं बोलशील तेवढंच कुणालाही, अगदी मलाही न सांगता, कुठंतरी दे. कसं वाटतं ते बघ. पहिल्यांदा काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. कुणीच बघितलं नाही म्हणून.

आणि विधवेच्या दोन दमड्यांचं उदाहरण साक्षीत घेऊ नकोस, कृपा कर. त्या गोष्टीच्या अगदी आधीची ओळ कुणी वाचत नाही. लांब झगे घालून मानाच्या जागा पटकावणाऱ्या आणि विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांवर येशू संतापलेला असतो, आणि तेवढ्यात ही बाई येते नि होतं नव्हतं ते पेटीत टाकते. त्याला तिचं कौतुक होतंच. पण तिच्यापाशी दोनच दमड्या का उरल्या होत्या, हाही प्रश्न त्याच्या डोळ्यांत असणार, असं मला वाटतं.

मग रविवारी बोलायचं काय, हे तू विचारणारच. खरं झालं ते बोल. घर देवानं दिलं म्हणतेस, मग त्यानं ते कुणाच्या हातून दिलं तेही सांग. सासऱ्यांनी शेताचा तुकडा विकला. बँकेचा हप्ता अजून कित्येक वर्षं आहे. तुझ्या नवऱ्याला नोकरी टिकवता आली, आणि त्याच्याबरोबरचे तितकेच हुशार, तितकेच प्रार्थना करणारे दोघं घरी बसले. हे सगळं सांग आणि देवाचे आभार मान. दशमांशाचं नाव काढायची गरज नाही, त्याचा हिशेब त्याच्याकडे आहे. वाटलं तर इतकंच म्हण की आमच्या हॉलमध्ये आता वीस माणसं बसतात, महिला मंडळाची बुधवारची प्रार्थना आमच्याकडे ठेवा. आणि ती मागच्या बाकावरची बाई आली, तर तिला सोफ्यावर बसव. याकोबाच्या दुसऱ्या अध्यायात सोन्याची अंगठी घातलेल्याला मानाची जागा आणि फाटक्या कपड्यातल्याला खाली, असं करणाऱ्या मंडळीची त्यानं चांगलीच खरडपट्टी काढलीय.

बाकी घर सुंदर झालंय, फोटो बघितले. कपाटं तर अगदी छतापर्यंत नेलीस की! चौथ्या शतकात कप्पदुकियात दुष्काळ पडला, तेव्हा पुढं बिशप झालेल्या बासीलनं धान्य दडवणाऱ्या श्रीमंतांना सुनावताना कपाटात पडून राहिलेल्या कपड्यांचा आणि कुजणाऱ्या जोड्यांचाही हिशेब मागितला होता. तेव्हा सगळे खण भरायची घाई करू नकोस.

कपाटांवरून आठवलं. एक ड्रॉवर नीट बसत नाही म्हणून सुताराचे शेवटचे पैसे अडवून ठेवलेत, असं तूच मागं म्हणाली होतीस. शेतात राबणाऱ्यांची अडवलेली मजुरी देवाच्या कानापर्यंत ओरडत जाते, असं याकोबाच्या पाचव्या अध्यायात आहे. ड्रॉवर काय, दुरुस्त होईल. त्याचा नंबर तुझ्या नवऱ्याच्या फोनमध्ये असेलच. रविवारच्या आत त्याला बोलाव आणि पूर्ण पैसे हातात दे.